वाट पाहण्याचं काम

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने निघालं की दहाएक किलोमीटरवर कुंभारी लागतं. गावच्या शिवारात विडी वळणाऱ्या बायकांची घरं आहेत. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये कामगारांच्या हाती आली. अलीकडच्या रे नगरातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात मिळाली, आणि पूर्ण झाल्यावर ते तीस हजार घरांचं नगर होणार आहे. याच गावात अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय आहे. कष्टकऱ्यांची वस्ती आणि शिकलेल्या डॉक्टरांचा दवाखाना असे शेजारी शेजारी असण्याचा योग खेड्यात सहसा येत नाही.

तरीही या वस्तीतल्या एखाद्या तान्ह्या बाळाबद्दल डॉक्टर म्हणाले, ‘याचं लिव्हर बदलावं लागेल’, तर त्या घराची वाट कुंभारीतून बाहेर जाते. मोठ्या माणसाची किडनी बदलण्याची सोय सोलापुरात झाली आहे. सहा-सात किलोच्या बाळाचं यकृत किंवा हृदय बदलायचं तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. पुणे अडीचशे किलोमीटरवर, हैदराबाद तीनशेच्या घरात, मुंबई चारशेच्या. शस्त्रक्रिया दहा-बारा तासांत आटोपते. तिच्या आधीचे महिने, कधी वर्षं, आईबापांच्या अंगावर असतात. आपल्याकडे प्रत्यारोपणावर लिहिलं जातं ते त्या दहा-बारा तासांबद्दल, विमानाने आलेल्या हृदयाबद्दल, रस्ता मोकळा करणाऱ्या पोलिसांबद्दल. आधीच्या महिन्यांत घरात काय चालतं, ते कोण करतं आणि त्याचे पैसे कोण भरतं, हा खरा प्रश्न आहे, आणि हा आढावा त्याच प्रश्नाचा आहे.

सुरुवात बहुतेक वेळा काविळीने होते. नव्या बाळाला कावीळ झाली की पहिले आठ-दहा दिवस सगळे एकच सांगतात: होतं असं, उतरेल. बहुतेकांची उतरतेही. नाही उतरली तर कोणी काविळीची माळ आणून घालतं, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला नेतं आणि पाणी पिवळं झालेलं दाखवून ‘निघाली बघा’ म्हणतं. बाळ दूध पितं, हसतं, अंगावर बरं दिसतं. फक्त शी पांढुरकी होते, भिजवलेल्या शाडूच्या रंगाची, आणि लघवीचा लंगोटावर गडद पिवळा डाग पडतो. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हे लक्षात आलेलं असतं, पण रंगावरून तक्रार करायची असते हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

या आजाराला डॉक्टर बिलिअरी अट्रेझिया म्हणतात. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळ्या जन्मानंतरच्या थोड्या दिवसांतच बुजत जातात, पित्त यकृतातच साठतं आणि यकृत आतून कडक होत जातं. दर दहा ते वीस हजार जन्मांमागे असं एक बाळ असतं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांवर होती. तेवढ्यावरून माझा हिशेब असा की या जिल्ह्यात वर्षाला अशी चार-सहा बाळं जन्मत असावीत. आकडा लहान वाटतो, पण लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं जगभरातलं सर्वांत मोठं एकच कारण हे आहे. उपचार झाले नाहीत तर बहुतेक मुलं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

यावर पहिला उपाय प्रत्यारोपणाचा नव्हता. मोरिओ कसाई या जपानी शल्यचिकित्सकाने १९५० च्या दशकात बुजलेल्या नळ्या काढून आतड्याचाच एक भाग वर ओढून थेट यकृताला जोडला. ही शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा चांगली, नव्वद दिवसांनंतर ती झपाट्याने कमी होते. वेळेवर होऊनही निम्म्याहून अधिक मुलांना पुढे कधी ना कधी नवं यकृत लागतंच. पण पाच महिन्यांच्या बाळाचं प्रत्यारोपण आणि आठ वर्षांच्या मुलाचं प्रत्यारोपण यांत फार मोठा फरक आहे. मधल्या वर्षांत मूल वाढतं, शाळेत जातं, त्याच्या लसी पूर्ण होतात, आईबाप पैशांची तजवीज करतात. माळ घालण्यात आणि चुन्याच्या पाण्यात गेलेले पंधरा दिवस ही वर्षं खाऊन टाकतात.

जगातला यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न याच आजाराच्या मुलावर झाला. १९६३ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या मुलावर तो केला. मूल शस्त्रक्रियेतच गेलं. १९६७ मध्ये त्यांना पहिलं यश आलं, तेही एका लहान मुलीच्या बाबतीत. खरी वाट मोकळी झाली ती १९८९ मध्ये. ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला बसवला आणि तो टिकला. बाळाला अख्खं यकृत लागत नाही. मोठ्या माणसाच्या यकृताचा डाव्या टोकाचा पाव-एक भाग पुरतो, आणि देणाऱ्याचं यकृत काही आठवड्यांत पुन्हा भरून येतं. भारतात हे पहिल्यांदा साधलं १५ नोव्हेंबर १९९८ ला, दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात. कांचीपुरमचा दोन वर्षांच्या आतला मुलगा, आजार हाच, यकृत वडिलांचं. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ‘एवढं करून मूल जगतं का हो?’ हा प्रश्न प्रत्येक घरात कुजबुजत विचारला जातो. आज अनुभवी केंद्रात दहातली नऊ मुलं पहिलं वर्ष पार करतात.

महाराष्ट्राने लहान मुलांच्या यकृताबाबत जगाला एक धडा दिला आहे, आणि तो फारसा कोणाला आठवत नाही. पाच-सहा दशकांपूर्वी आपल्याकडे एक-दोन वर्षांची मुलं पोट फुगून, यकृत दगडासारखं होऊन जात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८० च्या दशकात त्याचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं होतं. कल्हई नसलेल्या किंवा उडालेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेलं वरचं दूध, हे त्याचं संभाव्य कारण त्यांनी पुढे आणलं. घराघरांत स्टील आलं, तान्ह्या बाळाला लवकर वरचं दूध देऊ नका हा सल्ला रुजला, आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. यकृत न बदलता, दुधाचं भांडं बदलून मुलं वाचली. प्रत्यारोपणाच्या चर्चेत मला ही गोष्ट वारंवार आठवते.

दुसरी एक गोष्ट सोलापूर भागात बोलायला अवघड आहे, पण बोलायला हवी. इथे मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या बऱ्याच समाजांत मामाशी किंवा आते-मामे भावंडांत लग्नं होतात. यकृताचे आणि किडनीचे काही आजार असे असतात की दोघांकडूनही तोच सदोष जनुक आला तरच बाळाला होतात. नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. यात कोणाचा दोष नाही, सुनेचा तर नाहीच. पण पहिल्या मुलाचं निदान असं असेल तर दुसऱ्याचा विचार करण्याआधी जनुकीय सल्ला घ्यायला हवा, आणि तो दोघांनी मिळून घ्यायला हवा. आपल्याकडे असे कागद बाईच्या हातात देऊन तिला एकटीला पाठवण्याची रीत आहे.

निदान झालं, प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव लागलं किंवा दाता ठरला, पण मूल अजून तयार नाही. वजन वाढवा, म्हणतात डॉक्टर. इथून घरातलं काम सुरू होतं.

यकृत बिघडलेल्या बाळाला साधी चरबी पचत नाही. तूप-लोणी घातलं तर ते तसंच शीवाटे जातं. म्हणून एमसीटी नावाचं खास तेल, काही वेळा खोबरेल, दुधात मोजून मिसळायचं. इतर बाळांच्या जवळजवळ दीडपट उष्मांक पोटात गेले पाहिजेत आणि बाळाला तर भूक नाही. मग नाकातून नळी. ती जागेवर आहे का, नाकाशी केलेली खूण सरकली आहे का, हे प्रत्येक वेळी पाहायचं, पिचकारीने दूध हळूहळू सोडायचं, उलटी झाली तर थांबायचं. रात्री दोनला एकदा, पाचला एकदा. पोटात पाणी साठतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या बेंबीवरून पोटाचा घेर मोजायचा. सोलापुरात घरोघरी शाळेचे गणवेश शिवले जातात, तेव्हा मापाची टेप घरात असतेच. वहीत एक रकाना वजनाचा, एक घेराचा, एक शीच्या रंगाचा. तीन दिवसांत घेर दोन सेंटिमीटरने वाढला तर फोन करायचा. अंगाला खाज इतकी सुटते की बाळ स्वतःला रक्त निघेपर्यंत ओरबाडतं. नखं रोज कापायची, रात्री हातांत मोजे घालायचे आणि तरीही मांडीवर घेऊन बसायचं, कारण खाजेने झोप लागत नाही. ताप आला तर घरगुती औषध नाही, सरळ दवाखाना. काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर मिनिटं मोजायची.

किडनीच्या मुलाचं घर वेगळ्या रीतीने चालतं. तिथे तहान हा रोजचा तंटा. दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून मार्करने रेघा मारलेल्या असतात: इथपर्यंत दुपार, इथपर्यंत संध्याकाळ. तीन वर्षांच्या पोराला रेघ कळत नाही, त्याला तहान कळते. केळं नको, शहाळं नको, टोमॅटो बेतानेच. आणि सोलापूरच्या घरात ज्याच्याशिवाय भाकरी उतरत नाही ती शेंगाचटणीही नको, कारण शेंगदाण्यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम, वर मीठ. घरातल्या सगळ्यांनी ताटातून चटणी काढली तरच त्या पोराच्या ताटातून ती निघते. पोटाच्या पडद्यातून करायचं डायलिसिस घरी असेल तर दिवसातून कित्येकदा दार लावून, पंखा बंद करून, कोपरापर्यंत हात धुऊन पिशवी बदलायची. एका खोलीत स्वयंपाक, सुपातली तंबाखू, तेंदूची पानं आणि हे मूल. तंबाखू त्या खोलीतून बाहेर गेलीच पाहिजे, असं डॉक्टर सांगतात. विडी वळणं हीच घरची कमाई असेल तर ते सांगणं किती जड आहे, हेही सांगणाऱ्याला माहीत हवं.

हृदयाचं मूल दूध पिताना दमतं, घामाने डबडबतं. त्याला पळू द्यायचं नाही. पळायला निघालेल्या पोराला थांबवणं, हे काम दिवसाला पन्नास वेळा करावं लागतं.

लसींचं वेळापत्रकही याच काळात उरकायचं असतं. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजण्यांच्या लसीत जिवंत विषाणू असतात. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की त्या सहसा देता येत नाहीत. म्हणून आधी द्याव्या लागतात, कधी नेहमीच्या वयाआधी. गावातल्या उपकेंद्रात ‘एवढ्या आजारी मुलाला लस नको’ म्हणून परत पाठवलं जातं, तेव्हा आईने काय म्हणायचं? तिच्या हातात मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी असावी, मराठीत. घरात तेलुगू, अंगणवाडीत मराठी आणि फायलीत इंग्रजी, अशी या वस्तीतल्या कित्येक घरांची स्थिती आहे. औषधाचं नाव आणि मात्रा, ताप आल्यावर करायच्या गोष्टी, तातडीचा फोन, एवढं एका पानावर आईच्या भाषेत लिहून देण्याला पैसा लागत नाही.

रुग्णालयात इतकं सगळं तीन पाळ्यांतल्या नर्स मिळून करतात, घरी ते एकटी आई करते. म्हणूनच देणारा कोण, हे ठरवताना माझं मत इथे स्पष्ट नोंदवतो. भारतात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य बायका असतात आणि अवयव मिळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. मुलांच्या बाबतीत ‘आईच देणार की’ हे बोललंही जात नाही, धरलंच जातं. आईची माया कोणी मोजत नाही, पण ती दाता झाली की एका अतिदक्षता कक्षात आई आणि दुसऱ्यात बाळ. नळी कशी धरायची, बाळाचं कोणतं रडणं कशाचं, हे जिला येतं तीच खाटेवर. वडिलांचा रक्तगट जुळत असेल, यकृतावर चरबी नसेल, तर आधी त्यांची तपासणी व्हावी. आणि आईच देणार असेल तर वडिलांनी महिनाभर आधीपासून रात्रीचं दूध, टेप आणि वही स्वतःकडे घ्यावी. दात्याला दोन-तीन महिने जड काम करता येत नाही, हेही त्या घराच्या हिशेबात आधीच मांडलेलं बरं.

कायदा काय म्हणतो? मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, आणि सुरुवातीलाच तो लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबाही ‘जवळच्या नातेवाइकां’त आले. त्याआधी त्यात फक्त आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी आणि पती-पत्नी होते. मुलांना वाचवणाऱ्या दुरुस्त्यांत ही महत्त्वाची आहे, कारण पंचेचाळिशीची आजी आपल्याकडे दुर्मीळ नाही. पण मामा, काका, आत्या, मावशी आजही त्या यादीत नाहीत. आपल्या घरात ज्यांना आपण सख्खं म्हणतो त्यांना कायदा परकं धरतो आणि त्यांना प्राधिकार समितीपुढे जावं लागतं. कागद लागतात, मुलाखत होते, दिवस जातात. मामा तयार असेल तर हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवं. अठरा वर्षांखालचं भावंड जिवंतपणी सहसा अवयव देऊ शकत नाही. रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांनी एकमेकांच्या रुग्णाला अवयव देण्याची, म्हणजे अदलाबदलीची, मुभाही याच दुरुस्तीने दिली.

पैशाबद्दल. खासगी रुग्णालयात मुलाचं यकृत बदलायचं तर खर्च पंधरा लाखांच्या पुढे जातो. सोलापूर या बाबतीत आधीपासून शासनाच्या नजरेत होतं. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. तीच आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. तिच्यात किडनी प्रत्यारोपण पूर्वीपासून आहे. कुटुंबाची मर्यादा पाच लाखांवर गेली, आणि तिच्या पलीकडच्या महागड्या उपचारांसाठी, यकृत आणि हृदय प्रत्यारोपण धरून, स्वतंत्र निधीचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, पंतप्रधानांचा निधी आहे, मोठे देवस्थान न्यास आणि उद्योगांचे न्यास आहेत. किडनीच्या रुग्णाला डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाताना रेल्वे भाड्यात सवलत मिळते, सोबतच्या एकालाही.

या सगळ्यात एक गोष्ट नाही. पुण्यात रुग्णालयाजवळ घेतलेल्या खोलीचं भाडं, बुडालेली हजेरी, दर पंधरवड्याचा प्रवास, एमसीटी तेल आणि खास दुधाचा डबा, दात्याच्या तपासण्या आणि त्या जुळल्या नाहीत तर दुसऱ्या दात्याच्या तपासण्या. या बाबींसाठी घरातलं मंगळसूत्र आधी जातं, शस्त्रक्रियेची वेळ नंतर येते. योजना शस्त्रक्रियेचा दर ठरवते, प्रतीक्षेला दर नाही. माझ्या मते यादीत नाव लागलेल्या प्रत्येक लहान मुलाच्या एका पालकाला त्या काळापुरता मासिक भत्ता आणि रुग्णालयाजवळ राहण्याची सोय मिळायला हवी. राज्यात अशी मुलं इतकी थोडी आहेत की तिजोरीला ते जड जाऊ नये.

पैसे जमवण्यासाठी हल्ली बाळाचे नळ्या लावलेले फोटो फोनवरून गावभर फिरतात. त्या आईबापांना मी दोष देत नाही, दुसरा मार्ग दिसत नाही तेव्हा माणूस तेच करतो. पण ते मूल उद्या शाळेत जाणार आहे. चेहरा न दाखवताही माणुसकी जागी होते, हे आपण देणाऱ्यांनी सिद्ध करायला हवं.

मोठ्या मुलाला काय सांगायचं? चार वर्षांच्या मुलाला ‘आपण मामाकडे चाललोय’ सांगून दवाखान्यात नेलं की पुढच्या वेळी ते मामाकडे जायलाही तयार होत नाही. ‘सुई टोचणार, थोडं दुखेल, मी हात धरीन’ एवढं खरं त्याला झेपतं. ‘तुझं लिव्हर दमलंय, बाबा त्यांच्यातला तुकडा देणार आहेत’ हेही झेपतं. लाडाचंही तसंच. आजारी आहे म्हणून सगळं मान्य, हातात सतत मोबाइल, मारलं तरी हसून सोडायचं, असं केलं की मुलाला कळतं ते एवढंच की काहीतरी फार भयंकर चाललं आहे. वेळेवर झोप, चुकलं तर ‘नाही’, हे त्याला धीर देतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत त्याला नेता येत नाही. मग पाळणा घरात बांधायचा.

आणि मागे राहिलेलं भावंड. आजीकडे ठेवलेली सहा वर्षांची मुलगी, जिला आई फक्त फोनमध्ये भेटते. ती अंथरूण ओलं करू लागते, शाळेत गप्प होते, आणि ‘मोठी आहेस ना तू’ हे वाक्य तिला दिवसातून दहादा ऐकावं लागतं. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त तिची, वडिलांसोबत. डॉक्टरांच्या कागदावर ही सूचना नसते, पण असायला हवी.

जिथे जिवंत दाता चालत नाही, म्हणजे हृदयाच्या बाबतीत, तिथे वाट दुसऱ्या घराच्या दुःखावर संपते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतच्या चौदा महिन्यांच्या बाळाच्या आईबापांनी मेंदूमृत बाळाचे अवयव दिले. त्याचं हृदय विमानाने मुंबईला आलं आणि मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवलं गेलं. ती वर्षाहून अधिक काळ थांबली होती. लहान छातीत लहानच हृदय बसतं, त्यामुळे लहान मुलाचा दाता लहानच असतो. देशात २०२३ मध्ये अठरा हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणं झाली, पण मृत दाते हजाराच्या आसपास, दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही, आणि त्यात मुलं अगदी थोडी. कायद्याने मेंदूमृत मुलाच्या आई किंवा वडिलांपैकी एकाची संमती पुरते. सोलापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतं. यादी तिथे ठरते, फोन तिथून येतो, आणि तो आल्यावर काही तासांत पोहोचायचं असतं. म्हणून कुंभारीचं घर पुण्यातल्या एका खोलीत जाऊन बसतं.

सगळ्यांना फोन येत नाही. हे लिहिल्याशिवाय आढावा खरा होणार नाही. काही मुलं यादीत असतानाच जातात. तेव्हा वेदना, खाज आणि धाप कमी करणारे उपचार, आणि शेवटचे दिवस नळ्यांत जावेत की आईच्या मांडीवर याचा निर्णय, हाही वैद्यकाचाच भाग आहे. हे बोलणं आधीच, आशा जिवंत असतानाच व्हायला हवं. ज्या पालकांनी वर्षभर वहीत घेर लिहिला, त्यांना नंतर ‘आपलं कुठे चुकलं’ हा प्रश्न आयुष्यभर पुरतो. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून ‘तुमचं काही चुकलं नाही’ असं सांगावं. नुसतं वाटून उपयोग नाही, शब्दांत सांगावं.

आता राहिली ती पहिल्या पंधरा दिवसांची गोष्ट. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड घातलं, आणि साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत जन्मजात दोषांची नऊ नावं आहेत, त्यांत पित्तनलिकेचा हा दोष नाही. पण आपल्याकडे तैवानकडे नसलेली एक व्यक्ती आहे. आशाताई बाळंतिणीच्या घरी चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. साठ दिवसांची मुदत संपायच्या आत चार भेटी, त्याही घरात, बाळाच्या अंथरुणापाशी. त्या वजन घेतात, ताप पाहतात, नाळ पाहतात. त्यांना लंगोटही दाखवा. कावीळ चौदा दिवसांनंतर उतरलेली नसेल आणि शी पांढुरकी असेल, तर माळ नको, पुढचा सोमवारही नको. त्याच दिवशी कुंभारीच्या रुग्णालयात किंवा सोलापूरच्या सिव्हिलला जा, आणि काविळीत थेट बिलिरुबिन किती आहे ते तपासा, असं स्वतःहून म्हणा.